पायलट व्हायचे तर तास कसे भरतात?



चाकणला विमानतळ होणार म्हणून आपण वर्षानुवर्षे ऐकले. अखेर 2016 साली तो पुरंदरकडे गेला. विमानाचे वेड मात्र इथेच राहिले. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचा पैसा ज्या घरांत आहे, तिथली बारावी झालेली पोरे ‘पायलट होतो’ म्हणू लागली आहेत. मुलीसुद्धा. जरूर व्हावे. पण खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो, तेव्हा पैसे कशाचे भरायचे ते आधी समजून घ्यावे.

इंजिनिअरिंगला चार वर्षे काढली, पास झाला, की पदवी. इथे वर्षे नव्हे, उड्डाणाचे तास मोजतात. कमर्शियल पायलटच्या लायसन्सला किमान 200 तास लागतात. त्यांतले 100 तास विमानाचा प्रमुख म्हणून, सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यातही 20 तास लांबच्या फेऱ्यांचे. एक फेरी 300 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरची, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय 10 तास बाहेर न बघता केवळ यंत्रांवरून, आणि 5 तास रात्रीचे.

प्रत्येक उड्डाण लॉगबुकात चढते. उसाला जशी काटापावती, तशी ही नोंद. काट्यावर आपली नजर किती बारीक असते ते सांगायला नको. तीच इथेही हवी. 2011 साली देशात खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले पायलट सापडले, आणि न उडवलेले तास लिहिल्याची प्रकरणेही निघाली.

खरी गोम पुढेच आहे. फी भरली म्हणजे विमान मिळाले असे नाही. ऊस उभा, पण तोडीला टोळीच नाही, तसली गत होते. महिन्याला 20 तास मिळाले तर 200 तास दहा महिन्यांत होतात. 8 च मिळाले तर 25 महिने, आणि तोवर खोलीभाडे, खाणावळ व बँकेचे व्याज चालूच. पावसाळ्यात ढग खाली आले की छोटी विमाने जमिनीवरच.

म्हणून बारामती, धुळे किंवा आणखी कुठे प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन यावे. चालू विमाने किती, शिक्षक किती, मुले किती? मागच्या मुलांना 200 तासांना किती महिने लागले? हे ऑफिसात विचारावे, आणि मग तिथल्या मुलांना चहाच्या टपरीवर पुन्हा विचारावे. फी एकरकमी देऊ नये, तासांच्या हप्त्याने द्यावी. सुरक्षिततेचीही चौकशी हवी. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली होती. डीजीसीएने 2025 पासून अशा संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, यावरून काय ते समजावे.

लायसन्स हाती आले तरी नोकरी लगेच लागतेच असे नाही. एअरबस किंवा बोइंगचे वेगळे ट्रेनिंग लागते, त्याचे लाखो रुपये वेगळे. मग को-पायलट. कॅप्टन होण्याचे मोठे लायसन्स 1500 तासांनंतर. मधल्या काळात काहीजण सहायक शिक्षक होऊन शिकवतात. त्यात पगार थोडा, पण तास वाढत जातात. अमेरिकेत तर 2013 पासून को-पायलटलाही साधारणपणे 1500 तास लागतात, त्यामुळे तिकडे पुष्कळ मुले हीच वाट धरतात.

आणि एक. फीचा पहिला रुपया भरण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून मेडिकल करून घ्यावे. आधी क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो आधी कळलेला बरा, जमीन विकल्यावर नव्हे.