परक्या वस्तूवरचा पहिला थर

हृदयात बसवलेली कृत्रिम झडप रक्ताला उघडी अशी भेटतच नाही. रक्त लागल्यावर काही क्षणांतच तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि मागून येणाऱ्या पेशींचा संबंध येतो तो त्या थराशी. जैवसुसंगत पदार्थ घडवण्याची सारी धडपड म्हणूनच या काही नॅनोमीटरांपाशी येऊन ठेपते.

त्या थराचा स्वभाव ज्याने उलगडला तो लिओ व्रोमन डच भाषेतला नामवंत कवी होता. महायुद्धात जपान्यांची कैद भोगून तो अमेरिकेत रक्तसंशोधक झाला. १९६९च्या सुमारास त्याने दाखवले, की काचेवर आधी बसलेले फायब्रिनोजेन थोड्याच वेळात दिसेनासे होते. त्याची जागा दुसरी, जास्त घट्ट चिकटणारी प्रथिने घेतात. लोकलच्या बाकावर जागा बदलत राहाव्यात तसेच हे. मात्र इथे कोण बसून राहिले यावर गुठळी होणार की नाही हे ठरते. फायब्रिनोजेन टिकले तर बिंबिका त्याला चिकटतात. या क्षेत्रातला इतका मूलगामी शोध मला दुसरा दिसत नाही.

मग पृष्ठभागालाच औषध का चिकटवू नये? त्याआधीच, १९६३मध्ये, व्हिन्सेंट गॉट यांनी ग्रॅफाइटच्या लेपावर रक्त गोठू न देणारे हेपॅरिन बसवले. ते केवळ विद्युतभाराच्या ओढीने धरलेले असल्याने हळूहळू धुऊन जाई. पुढे हेपॅरिनचा रेणू एका टोकाने रासायनिक बंधाने पक्का करण्याची रीत आली. त्यामुळे त्याचा काम करणारा भाग रक्तासाठी मोकळा राहिला.

हाडाचे गणित उलटे. तिथे चिकटणेच हवे. १९५२मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर सुटेना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५पासून त्याच गुणावर माणसाच्या जबड्यात दात रोवले गेले.

स्टेंटने वेगळाच धडा दिला. रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये पेशी माजून वाट पुन्हा अरुंद होई, म्हणून सिरोलिमसचा लेप आला. अमेरिकेत त्याला २००३मध्ये मान्यता मिळाली. पण वाढ रोखणारे औषध रक्तवाहिनीचे अस्तर भरून येणेही रोखते. उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची चिंता २००६मध्ये ऐरणीवर आली.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने केलेल्या झडपेत चिकटू नये आणि चिकटावे या दोन्ही अपेक्षा एकत्र दिसतात. चकती गुळगुळीत पॉलिइथिलीनची, तिला काही चिकटू नये म्हणून. शिवायची कडी पॉलिएस्टरच्या विणीची, तिच्यात ऊती शिरावी म्हणून. आधीचे तीन नमुने फसल्यावर चौथा डिसेंबर १९९०मध्ये रुग्णाला बसवला गेला. परदेशी झडप न परवडणाऱ्या देशासाठी हे काम फार मोलाचे आहे.

तरीही अशी यांत्रिक झडप बसवलेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. संधिवाताच्या तापाने झडप निकामी झालेल्या आपल्याकडच्या रुग्णांत तरुण बायका पुष्कळ. वॉरफरिन हे गोळीतले औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते आणि थांबवले तर झडपेवर गुठळी होऊ शकते. गोळीची गरजच न लावणारा पृष्ठभाग सर्वांत आधी हवा आहे तो या बायकांना.