द्विपंखी लढाऊ विमान

बारामतीच्या विमानतळावरून उडणारीं शिकाऊ वैमानिकांचीं लहान विमानें आपण पुष्कळदां पाहतों. त्यांस प्रत्येक बाजूस एकच पंख असतो. परंतु दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत बहुतेक लढाऊ विमानांस पंखांचे एकावर एक असे दोन थर असत. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

विमानाचें वजन पंख पेलतात. पंखांचा विस्तार जितका मोठा, तितका उचलण्याचा जोर अधिक. पण त्या काळचीं इंजिनें बेताच्या शक्तीचीं, आणि पंख म्हणजे हलक्या सांगाड्यावर ताणलेलें कापड. असा एकच लांब पंख मुळाशीं मोडण्याची भीति असे. आपल्याकडील ज्वारी राखण्याचा माळा आठवा. एकटा वासा वाऱ्यानें डोलतो. पण चार वासे आडव्या-तिरप्या बांधणीनें आवळले कीं ते राखणदाराचा भार सहज पेलतात. त्याच न्यायानें दोन आंखूड पंख खांबांनीं व तारांनीं एकमेकांस जखडीत. असें विमान थोड्या जागेंत उतरे व चपळाईनें वळे.

आपल्या वायुदलाचा आरंभहि द्विपंखी विमानांनींच झाला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्याची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिघ रोड येथें पहिली तुकडी उभी राहिली. ४ 'वेस्टलँड वापिटी' विमानें, ६ अधिकारी व १९ हवाई शिपाई, एवढाच तिचा संसार! वापिटी हें केवळ लढाऊ विमान नव्हे. टेहळणी, बाँबफेक अशीं सर्व कामें त्यास करावीं लागत. पुढें वैमानिक व मागें बंदूकधारी, दोघेहि उघड्यावर बसत. तुकडी स्थापन झाल्यावर दोनच दिवसांनीं, ३ एप्रिल १९३३ रोजीं, एव्हरेस्ट शिखरावरून प्रथमच दोन विमानें उडालीं. त्यांपैकीं एक वापिटीवरूनच बेतलेलें होतें.

मग हीं विमानें मागें कां पडलीं? ज्या तारांनीं त्यांस बळ दिलें, त्याच तारा आड आल्या. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो. 'हॉकर फ्युरी' या द्विपंखी विमानानें १९३१ च्या सुमारास ताशीं २०० मैलांची मर्यादा ओलांडली. पण १९३५ मध्यें प्रथम उडालेल्या एकपंखी 'हरिकेन'नें ३०० मैलांचा पल्ला गांठला. अधिक शक्तीचें इंजिन मिळालें, धातूचा सांगाडा आंतूनच भार पेलूं लागला, आणि तारा अनावश्यक ठरल्या.

तरीहि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं मुंबईसारख्या बंदरांच्या रक्षणासाठीं वापिटीच समुद्रावर टेहळणी करीत होतीं. भारतीयांस विमानें सांभाळतां येतील काय, अशी शंका त्या काळीं घेतली जात असे. त्या ६ अधिकाऱ्यांपैकीं सुब्रतो मुखर्जी हे १९५४ मध्यें वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. शंकेस याहून चांगलें उत्तर कोणतें? एक वापिटी विमान दिल्लींत पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयांत जतन केलेलें आहे. विद्यार्थ्यांनो, दिल्लीस जाण्याचा योग आल्यास तें अवश्य पाहा, आणि त्याच्या तारा मोजण्यास विसरूं नका.