लिनक्सशी दोस्ती (भाग ११) : ब्लूटूथ अडतं कुठे?

मागच्या भागात वायफाय सुरू झालं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ त्याच कार्डावर असतं, पण वायफाय चाललं म्हणून ब्लूटूथही चालेल याची खात्री नसते. हेडफोन जोडला गेला नाही की माणूस आधी हेडफोन रिसेट करतो, मग दिसतील ती पॅकेजं काढून परत टाकतो आणि शेवटी वैतागून डिस्ट्रोच बदलतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ब्लूटूथचं काम खालून वर चार थरांतून जातं: चिप आणि तिचं फर्मवेअर, कर्नल, ब्लूझ, आणि सगळ्यात वर आवाजाची यंत्रणा. अडलेला थर सापडला की उपाय बहुधा एका ओळीचा असतो.

ब्लूझ म्हणजे लिनक्सचा अधिकृत ब्लूटूथ संच. क्वालकॉममध्ये मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी तो लिहायला घेतला आणि २००१ साली तो कर्नलच्या २.४.६ या आवृत्तीत दाखल झाला. त्याचा अर्धा भाग कर्नलमध्ये राहतो, उरलेला अर्धा पडद्यामागे चालणाऱ्या सेवेत. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१४ मध्ये आपला ब्लूटूथचा कोड चक्क काढून टाकला. लिनक्सवाल्यांनी आपला संच चिकाटीने सांभाळला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता टर्मिनल उघडा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाकताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

पहिली आज्ञा ‘आरएफकिल लिस्ट’. इथे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ दिसलं तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ म्हणा, विषय संपला. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर मात्र कुठलीही आज्ञा उपयोगाची नाही; लॅपटॉपच्या कडेचं बटण, फंक्शन की किंवा बायोसची सेटिंग शोधा. आणि यादीत ब्लूटूथचं नावच नसेल तर कर्नलला चिप उभी करता आलेली नाही. मग ‘सुडो डीएमईएसजी’ चालवून ब्लूटूथ शब्दाच्या ओळी वाचा. फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी तक्रार तिथे सरळ लिहिलेली असते, अगदी फाइलच्या नावासकट. इंटेल आणि रिअलटेकच्या चिपांना दर वेळी सुरू होताना ही फाइल लागते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्वी ती नसायची, कारण ती मुक्त सॉफ्टवेअर नाही. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती सोबत येते. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही जण नाराज झाले. माझ्या मते निर्णय योग्य होता: ज्याचं वायफायच सुरू झालेलं नाही त्याने फर्मवेअर उतरवायचं तरी कसं?

डेस्कटॉपला यूएसबी डोंगल लावणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डोंगलांपैकी बरेचसे स्वतःला केंब्रिज सिलिकॉन रेडिओची चिप म्हणवतात. ‘एलएसयूएसबी’ केलं की त्यांचा ओळख क्रमांकही तोच दिसतो, पण आतली चिप भलत्याच कुणाची असते. ही नक्कल इतकी पसरली आहे की कर्नलमध्ये तिच्यासाठी खास डागडुजीचा कोड आहे. कर्नलला नक्कल ओळखू आली तर डीएमईएसजीमध्ये ‘अनब्रँडेड क्लोन’ सापडल्याची ओळ येते. ती दिसल्यावर डोंगल चाललं तर उत्तम. नाही चाललं तर त्याच्यामागे रात्र घालवू नका, दुसरं आणा. दुसरी गोष्ट जागेची. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलतं आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. शेजारी हार्ड डिस्क लावल्यावर माउस अडखळत असेल तर कारण बहुधा हेच. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात लावा किंवा हातभर एक्स्टेंशन वायर वापरा.

खालचे थर ठीक असतील तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाउ ब्लूटूथ’ने सेवा सुरू करा आणि ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये शिरा. ‘पॉवर ऑन’, ‘स्कॅन ऑन’. आपल्या हेडफोनचा पत्ता दिसला की ‘पेअर’, ‘ट्रस्ट’, ‘कनेक्ट’. यातलं ‘ट्रस्ट’ लोक हमखास गाळतात आणि मग हेडफोन आपणहून का जोडला जात नाही म्हणून विचारत बसतात. ‘पेअर’ म्हणजे पाहुण्याची दारात झालेली विचारपूस. ‘ट्रस्ट’ म्हटलं की पुढच्या वेळी तो थेट माजघरात येऊ शकतो. कीबोर्ड जोडताना बहुधा पडद्यावर सहा आकडे येतात. ते त्याच नव्या कीबोर्डवर टाकून एंटर दाबायचं असतं, म्हणून जुना कीबोर्ड तोवर काढू नका. ‘एचसीआयटूल’ आणि ‘एचसीआयकॉन्फिग’ वापरायला सांगणारा सल्ला कुठे सापडला तर बाजूला ठेवा. ब्लूझने ती अवजारं केव्हाच मोडीत काढली आहेत.

जोडणी होते आणि लगेच तुटते, लॉगमध्ये ‘प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल’ येतं, तेव्हा ब्लूझला दोष देऊ नका. हेडफोनचा आवाज हाताळणारा कुणी वरच्या थरात हजर नाही, एवढाच त्याचा अर्थ. आवाजासाठी पाइपवायर वापरत असाल तर डेबियन-उबुंटूवर ‘लिबस्पा-०.२-ब्लूटूथ’ आणि पल्सऑडिओ असेल तर ‘पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ’ हे पॅकेज टाका, मग एकदा लॉगआउट करून परत या.

मीटिंग सुरू होताच गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं, हा मात्र बिघाड नव्हे. रूढ ब्लूटूथमध्ये उत्तम आवाजाची ए२डीपी ही वाट एकतर्फी आहे. माइक लागला की दुतर्फा वाट घ्यावी लागते आणि तिथे आवाज बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झच्या नमुन्यांवर उतरतो. विंडोजवरही हेच होतं. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि हेडफोन ए२डीपीवरच ठेवा.

त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर एकीकडे जोडलेला हेडफोन दुसरीकडे ओळख दाखवत नाही. दोन्हीकडे ब्लूटूथचा पत्ता एकच असतो, पण प्रत्येक जोडणीत नवी गुप्त किल्ली तयार होते आणि हेडफोन शेवटची तेवढीच लक्षात ठेवतो. लिनक्सच्या किल्ल्या ‘व्हार’मधल्या ‘लिब’ फोल्डरात, ‘ब्लूटूथ’ नावाखाली असतात. आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजची किल्ली इथे उतरवा. काम किचकट आहे. दोन हेडफोन परवडत असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर. तुमच्या प्रिंटरचं नेमकं मॉडेल तेवढं लिहून ठेवा.