बाळंतिणीला दुधाचा सल्ला कोणाकडून घ्यावा?



गाय व्यायली की आपण वासराला लगेच चीक पाजतो. चीक मिळाला नाही तर वासरू रोगांना बळी पडते, हे गोठ्यात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु घरात सून बाळंत झाली की तिचा चीक 'जड पडतो' म्हणून पिळून टाकणे व बाळाला मध चाटवणे हे प्रकार अजूनही काही घरांत होतात. जनावरांबाबत आपण जाणकाराला विचारतो. बाळंतिणीला मात्र भेटायला येणारा प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. म्हणून योग्य सल्ला कोणता व तो कोठे मिळतो, हे आधीच माहीत असावे.

योग्य सल्ल्याची ओळख

1) जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे व चीक पाजावा.
2) पहिले 6 महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध, गुटी, साखरपाणी देऊ नये. उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र द्यावे.
3) 6 महिने पूर्ण होताच वरचे मऊ अन्न सुरू करावे व अंगावरचे दूध 2 वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवावे.

याच्या उलट कोणी सांगितले तर आधी आरोग्य कर्मचाऱ्याला विचारावे.

'दूध पुरत नाही' ही भीती

पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो. बाळाचे पोटही लहान असते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते. याच काळात बाळ रडले की घरात पावडरीचा डबा येतो. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि दूध खरोखरच कमी होते.

रडणे हा दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे. फक्त अंगावर पिणारे बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत 6 किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. सुरुवातीला थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाइतके व्हावे.

कोणाकडे जावे?

परिचारिका : दवाखान्यातून घरी येण्यापूर्वी एकदा तिच्यासमोर बाळाला पाजावे. तोंड मोठे उघडे, हनुवटी स्तनाला टेकलेली व खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. पकड चुकली की बोंडाला चिरा पडतात.

आशा : दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताईने 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी यावे, असे ठरलेले आहे. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवशीही भेट असते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. म्हणून माहेरच्या आशाताईला आधी कळवावे व परत येताना सासरच्या गावी पुन्हा नाव सांगावे.

आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका : उपकेंद्रात, अंगणवाडीत व ग्राम आरोग्य व पोषण दिनी बाळाचे वजन करून घ्यावे. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.

पावडरीचा डबा व बाटली विकणाऱ्याचा सल्ला घेऊ नये. 2 वर्षांखालील बाळांसाठीच्या दुधाच्या पावडरीची व बाटल्यांची जाहिरात करणे किंवा मोफत नमुने वाटणे यास 1992 च्या कायद्याने (2003 ची दुरुस्ती) बंदी आहे. डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले तर ते वाटी-चमच्याने द्यावे.

ताबडतोब दवाखाना गाठा

बाळ ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग तापलेले किंवा गार असेल, धाप लागली असेल, झटके येत असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा लघवी होत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. वाहन नसल्यास 108 ला फोन करावा. आईचा स्तन लाल व कडक होऊन ताप आल्यास तिलाही दाखवावे. पाजणे थांबवू नये.

घरच्यांचे काम

बाळंतिणीला लगेच शेतात धाडू नये. पुढे कामावर जावेच लागले, तर बाळ सोबत न्यावे किंवा स्वच्छ हातांनी काढलेले दूध झाकून घरात थंड जागी ठेवावे. ते साधारण चार तासांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, वाटी-चमच्याने पाजावे.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची चौकशी करून ठेवतो. तशीच सातव्या महिन्यातच आशाताईची व उपकेंद्राची चौकशी करून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. रात्री बाळ रडू लागल्यावर कोणाला विचारायचे, हा प्रश्न पडणार नाही.