परड्यातील कामाची खोली

घरी बसून पोट भरणे ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. हुपरीत चांदीचे पैंजण घरोघरी घडतात. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे घराला लागून मागांच्या शेडी उभ्या राहिल्या. तिथे तक्रार घरच्यांची असे, की कामाचा खडखडाट झोपू देत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर जे काम संगणकाबरोबर घरात आले, त्याने हा न्याय उलटा केला. आता कामाला घराचा आवाज चालत नाही. कुकरची शिट्टी झाली की पुण्याच्या कचेरीतला साहेब विचारतो, "कुठे बसला आहात?"

म्हणून पुष्कळांच्या मनात येते, की परड्यात दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली उभी करावी. विचार चांगला आहे. पण ती खोली एप्रिलात आणि जुलैत बसण्याजोगी राहिली नाही, तर घातलेले पैसे जातातच, शिवाय गावी परतलेला मुलगा किंवा सून पुन्हा पुण्याची गाडी धरते. तेव्हा खोलीचा रंग आणि काचेचे दार पाहण्याआधी आपले ऊन आणि आपला पाऊस पाहावा, असे आमचे म्हणणे आहे.

आधी उन्हाचे पाहू. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेसतरा अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. थंड देशांतल्या अशा खोल्यांत भिंतींतून ऊब निसटू नये ही चिंता. आपल्याकडे मुख्य शत्रू छपरावर बसलेला आहे. नुसता पत्रा तापला की खालचा माणूस भाजून निघतो. पत्र्यावर पांढरा रंग, त्याखाली हातभर मोकळी जागा, मग तक्तपोशी, आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जाळ्या, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. मंगळुरी कौले मिळाली तर उत्तमच.

हल्ली पफ पॅनेलच्या तयार खोल्या मिळतात. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेला असतो. त्याच्या बारीक पोकळ्यांत वायू कोंडलेला असल्याने उष्णता सहज पलीकडे जात नाही. वस्तू खरी आहे. पण बाहेरची उष्णता जशी आत येत नाही, तशी आतलीही बाहेर जात नाही. बसून काम करणारा माणूस सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतो, संगणकाची वेगळी. समोरासमोर दोन खिडक्या नसल्या तर ती खोली पेटीच होते. वातानुकूलन यंत्र लावू म्हणाल, तर वीज गेल्यावर काय करणार?

पश्चिमेची भिंत कोरी ठेवावी. उतरते ऊन तिकडून येते आणि पावसाची झोडही तिकडूनच. टेबल उत्तरेच्या खिडकीशी मांडावे. तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो आणि पडद्यावर चकाकी येत नाही.

आता पाऊस. आषाढात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की दूरध्वनीवर समोरच्याला एक शब्द ऐकू जात नाही. हा मुद्दा विक्रेत्याच्या पुस्तिकेत कधी नसतो! तक्तपोशीचा उपयोग इथेही होतो. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतकी वळचण पुढे काढावी. जोते निदान दीड फूट घ्यावे. जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते सिमेंटचे ठोकळे मांडले तर दोन वर्षांत दार अडकू लागते. ती माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून ठोकावा, मग कोबा करावा.

पुराची गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत ज्यांनी ते पाणी पाहिले, त्यांना दीड फूट जोत्याचा भरवसा देणे म्हणजे थट्टा होईल. त्यांनी परड्याचा नाद सोडून गच्चीवर किंवा माळ्यावर सोय पाहावी.

"ही खोली हलवता येते, परवानगी लागत नाही," असे विक्रेते सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे आणि सामासिक अंतराचे नियम तुमच्या परड्यालाही लागू आहेत. आगाऊ रक्कम देण्याआधी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवून विचारावे.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. तयार खोली लॉरीवरून येते आणि हायड्राने उचलून ठेवतात. शिवाजी पेठेच्या किंवा मंगळवार पेठेच्या बोळात हायड्रा वळत नाही, वर विजेच्या तारा. अशा ठिकाणी सुट्या भागांची, दारातून आत नेऊन जोडायची खोलीच मागवावी. वीज घरातून नळीत घालून जमिनीखालून न्यावी, तिला स्वतंत्र खटका आणि चांगले अर्थिंग असावे. वळवाचा कडकडाट सुरू झाला की संगणकाची पिन काढावी. बाहेरून येणाऱ्या तारेला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते, आत येत नाही.

दिवाळीनंतर काम धरले तर पाडव्यापर्यंत खोली उभी राहते. कराराच्या वेळीच एक अट घालून घ्यावी: शेवटचा हप्ता मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन छप्पर पाहिल्यावर.