भिवंडीतील मोहल्ला समित्या : निवासी वस्तीतील पोलीसकार्याचा एक प्रयोग

प्रस्तावना :
निवासी वस्तीची सुरक्षितता हा विषय सामान्यतः गस्त, नाकाबंदी व अलीकडे सीसीटीव्ही कॅमेरे यांच्या संदर्भात चर्चिला जातो. वस्ती व पोलीस यांच्यातील दैनंदिन संबंधांचा विचार त्यामानाने कमी होतो. या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराचा अनुभव अभ्यासनीय आहे. यंत्रमागांच्या या शहरात कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, तेलुगू भाषक पद्मशाली विणकर व मराठी भाषक यांच्या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून येथे भीषण दंगल उसळली. तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच घडले.

समित्यांची रचना :
१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी प्रचलित शांतता समितीच्या मर्यादा ओळखल्या. शांतता समिती म्हणजे प्रतिष्ठितांची सभा. ती सणाच्या तोंडावर भरते, भाषणे होतात, चहापान होते आणि पुढील सणापर्यंत कोणी कोणास भेटत नाही. शिवाय अशा सभेतील काही पुढाऱ्यांचे महत्त्व तणावावरच पोसलेले असते, ही बाब नजरेआड करता येत नाही. खोपडे यांनी त्याऐवजी मोहल्लानिहाय सुमारे ७० समित्या स्थापन केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी त्या त्या गल्लीत राहणारे दोन्ही समाजांचे सर्वसामान्य रहिवासी घेतले आणि समितीची सूत्रे त्या भागातील पोलीस कर्मचाऱ्याकडे दिली.

या रचनेचे मर्म बैठकीच्या विषयांत होते. शेजाऱ्यांची भांडणे, किरकोळ तक्रारी अशा सामान्य बाबींसाठी लोक एकत्र बसत. दंगलीत अफवा सर्वप्रथम पसरते व ती खोडून काढण्यासाठी विश्वासू माणूस लागतो. असा विश्वास ऐन प्रसंगी निर्माण करता येत नाही. शेजारच्या वस्तीतील माणूस व बीटवरचा हवालदार नावानिशी आधीपासून ठाऊक असावा लागतो. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली असता अवघ्या काही मैलांवरील भिवंडी शांत राहिली. याचे सर्व श्रेय केवळ समित्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु शहराचा पूर्वेतिहास पाहता त्यांचा वाटा नाकारणेही कठीण आहे. पुढे १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या काळात मुंबईतही मोहल्ला समित्या सुरू झाल्या.

सातत्याचा प्रश्न :
हा प्रयोग कायद्याने बांधलेला नव्हता; तो अधिकाऱ्याच्या आस्थेवर उभा होता. अधिकारी बदलले तशा समित्या क्षीण झाल्या. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून भिवंडीत जमाव व पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन नागरिक ठार झाले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. विशेष म्हणजे हा संघर्ष दोन धर्मसमूहांतील नव्हता. वस्ती व पोलीस यांच्यातील होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांविषयी निर्देश दिले. त्यांत जिल्हा पोलीस अधीक्षक व ठाणे प्रभारी यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाल असावा, असे म्हटले आहे. बीटवरील शिपायाचा त्यांत उल्लेख नाही. गल्लीतील रहिवाशांना मात्र पोलीस म्हणून तोच परिचित असतो.