जुना गिझर लगेच भंगारात नको. आधी थर्मोस्टॅट आणि टायमर बघा

बेळगाव : थंडी पडली की घरोघरी गिझर जास्त वेळ चालू राहतो आणि महिन्याच्या शेवटी बिल बघून डोक्याला हात लावायची वेळ येते. कर्नाटकात गृहज्योती योजना आल्यापासून तर हा हिशेब आणखी नाजूक झालाय. बहुतेक घरांना २०२२-२३ मधल्या मासिक सरासरीवर १० टक्के जादा धरून तेवढे युनिट मोफत मिळतात, कमाल मर्यादा २०० युनिट. समजा तुमची सरासरी १५० होती, तर मर्यादा १६५. वापर १९० झाला तर वरच्या २५ युनिटचे पैसे. पण वापर २०१ झाला तर सगळंच बिल भरावं लागतं.

पलीकडे चंदगड, गडहिंग्लजला गृहज्योती नाही, पण महावितरणचा दर १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० युनिटनंतर वाढतो. म्हणजे दोन्हीकडे शेवटचे वीस-तीस युनिटच महाग पडतात. जुना गिझर हे युनिट कुठे घालवतो ते बघू.

वीज जाते कुठे?

पाणी तापवायला लागणारी वीज टळत नाही. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १.१६ युनिट लागतात. २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी ३५ मिनिटं पुरतात. गिझर नवा असो की जुना, हा खर्च तोच.

फरक पडतो तापलेलं पाणी टाकीत नुसतं उभं राहतं तेव्हा. टाकीभोवतीचं उष्णतारोधक आवरण जुनं झालं, ओल धरली की उष्णता बाहेर जात राहते. पाणी थोडं निवलं की थर्मोस्टॅट पुन्हा कॉईल सुरू करतो. दिवसभर बटण चालू ठेवलं तर कोणी आंघोळ न करताही मीटर फिरत राहतो.

"सारखं बंद-चालू केलं की जास्त करंट ओढतंय" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नसतं. कॉईल सुरू होताना वेगळी जादा वीज घेत नाही. बटण बंद असताना पाणी निवत जातं, तशी बाहेर जाणारी उष्णताही कमी होत जाते. म्हणून बंद ठेवणंच फायद्याचं.

घरच्या घरी तपासणी

रात्री पाणी पूर्ण तापू द्या, दिवा विझला की बटण बंद करा. बारा तास गरम पाणी वापरू नका. मग बटण लावून तापण्याचा दिवा किती मिनिटं लागतो ते घड्याळात बघा. २००० वॅटचा गिझर १५ मिनिटं चालला म्हणजे अर्धा युनिट गेला. हाच हिशेब दिवसाला एक आणि महिन्याला ३० युनिट. वापर २०० च्या आसपास असलेल्या घरात एवढा फरक पुरेसा आहे.

काय बदलावं?

पहिला थर्मोस्टॅट. जुन्या गिझरमध्ये तो बहुधा खालच्या झाकणाआड असतो. पितळेची नळी गरम होऊन लांबते, आतली सळई तेवढी लांबत नाही आणि त्या फरकाने स्विच सुटतो. वर्षं गेली की हा स्विच उशिरा सुटतो किंवा चिकटून बसतो. पाणी वाफाळेपर्यंत तापत असेल तर तो बदलायला झालाय असं समजा. नवा भाग काही शे रुपयांत मिळतो. तो ५५ ते ६० अंशांवर ठेवा. बाहेर २० अंश असताना ७५ ऐवजी ५५ वर ठेवलं, तर उभ्या पाण्यातून जाणारी उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. ५० च्या खाली मात्र आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

दुसरा टायमर. आंघोळीआधी ४५ मिनिटं सुरू, मग आपोआप बंद. विसरण्याचा प्रश्नच येत नाही. टायमर किंवा मोबाईलवर चालणारा स्विच घेताना तो १६ अँपिअरचाच घ्या. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरचा सॉकेट त्यात वितळतो.

तिसरं, कॉईलवरचा खार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत तो लवकर साचतो. पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉईल जळते. झाकण उघडलंच आहे तर तीही साफ करून घ्या.

हे चालवून घेऊ नका

थर्मोस्टॅटसोबत एक कटआउट असतो. थर्मोस्टॅट चिकटला तर तो वीज तोडतो. वारंवार पडतो म्हणून काही जण तो काढून वायर 'डायरेक्ट' जोडून देतात. असं कोणी केलं तर चालवून घेऊ नका. मग पाणी उकळत राहतं, टाकीत दाब वाढतो आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह खाराने बुजलेला असेल तर टाकी फुटू शकते. त्या व्हॉल्व्हमधून कधी पाणी ठिबकलं तर बूच मारून बंद करू नका.

काम जाणत्या वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून. जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं, तेही त्याच दिवशी तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवा.

टाकीच गळत असेल किंवा पाण्यातून गंज येत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवा घेताना स्टार बघा. गिझरवरचे स्टार उभ्या पाण्यातून २४ तासांत किती उष्णता जाते यावरच दिलेले असतात. टाकी ठीक असेल तर या आठवड्यात बारा तासांची तपासणी करा, आणि पुढच्या बिलावरचे युनिट मागच्या बिलाशी ताडून बघा.